डावं मागचं चाक

"काहीतरी करपतंय बघ," आई मागच्या सीटवरून म्हणाली.

मी म्हटलं, कुणीतरी काजूच्या बिया भाजत असेल. एप्रिल होता, आजरा मागे पडला होता आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना काजूच्या बागा होत्या, त्यामुळे माझं म्हणणं मलाच पटलं. पण पुढच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये बागा संपल्या आणि वास काही संपेना. गाडी चढाला जड झाली होती. कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी ती पुढे जायला कुरकुरत होती.

"चुलीवर दूध इसरल्यागत वास येतोय," आई पुन्हा म्हणाली. मग मात्र मी थांबलो.

डाव्या मागच्या चाकाजवळ हात नेला तर धग लागली. चाकाच्या भोकांतून आतली ब्रेकची चकती, म्हणजे डिस्क, दिसत होती, ती निळसर पडली होती. ब्रेक धरून बसला होता. आम्ही मघापासून एक चाक आवळलेली गाडी ओढत आणली होती.

मी घड्याळ पाहिलं. पावणेअकरा झाले होते.

इथे मला थोडं मागचं सांगितलं पाहिजे. आम्ही सावंतवाडीला निघालो होतो. आईची थोरली बहीण, आमची सोनामावशी, तिथे तिच्या लेकाकडे अंथरुणाला खिळून होती. आई चार वर्षांची असतानाच तिची आई गेली, तेव्हा या बहिणीनेच तिला कडेवर घेऊन वाढवलं होतं. सोमवारीच फोन आला होता की आता काही खरं नाही. आई त्याच संध्याकाळी लुगडी पिशवीत भरून बसली. मी म्हणालो, शुक्रवारी गुड फ्रायडेची सुट्टी आहे, तेव्हा निवांत जाऊ, उगाच रजा कशाला घालवायची? चार दिवस ती पिशवी दाराशीच होती आणि मी तिच्यावरून पाय टाकून नोकरीला जात होतो. शुक्रवारी पहाटे मावसभावाचा, विलासचा फोन आला. म्हणाला, रात्रीपासून तुझ्या आईचं नाव घेतेय, सारखी हिरा हिरा करतेय, डॉक्टरांनी आजच्या दिवसापलीकडची आशा सोडली आहे, निघा.

आणि आता आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो आणि पुढे आंबोलीचा घाट होता.

दुसरी गोष्टही सांगून टाकतो, कारण ती लपवून ही कथा सांगता येणार नाही. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या वर्गाला शिकवत असे. चौगुले सर म्हटलं की पोरं चळाचळा कापत. ब्रेकचा धडा हा तर माझा खास प्रांत. आणि ही गाडी म्हणजे माझी शान होती. जुनी, दुसऱ्या हाताची, पण चारही चाकांना डिस्क ब्रेक. आमच्या गावात तेव्हा अशी गाडी कुणाकडे नव्हती. मी ती वापरत कमी असे आणि मिरवत जास्त. दर रविवारी नळी लावून धुवायची, चाकंसुद्धा घासायची आणि मग ओलीच शेडमध्ये नेऊन, हँडब्रेक कचकून ओढून पुढच्या रविवारपर्यंत उभी करायची. मागच्या ब्रेकला गंज चढवायचा यापेक्षा चांगला उपाय कुणाला सापडला नसता. मास्तर असूनही मी हे वर्षभर नेमाने केलं होतं.

जोडून आलेल्या सुट्ट्यांमुळे गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या भरधाव जात होत्या. मी हात केला, पण सगळ्या गच्च भरलेल्या, कुणी थांबेना. सावंतवाडीची एसटी तासाभरापूर्वी गेली होती आणि पुढची तीनला होती, असं एका गुराख्यानं सांगितलं. त्यानंच पुढच्या वळणावर एक गॅरेज असल्याचंही सांगितलं. गाडी पहिल्या गिअरमध्ये रखडत रखडत मी तिथवर नेली.

गॅरेज म्हणजे घराच्या अंगणात घातलेली पत्र्याची शेड. दारावर साखळी होती. ओट्यावर एक तिशीचा, सावळा, रुंद खांद्यांचा माणूस धुतलेला पांढरा सदरा घालून बसला होता. तो उठून उभा राहिला. माझ्याकडे त्यानं जरा जास्तच वेळ पाहिलं असं मला वाटलं, पण मला माझीच घाई होती.

"सर, आज बंद असतं," तो म्हणाला.

मला सगळं जग सरच म्हणत असे, त्यामुळे त्यात मला काही वेगळं जाणवलं नाही. मी त्याला अडचण सांगितली, मावशीचं सांगितलं. शिवाय, अंगचा गुण जाणार कुठे, हेही सांगितलं की मी स्वतः आयटीआयला हेच शिकवतो, मला फक्त जॅक आणि पाने द्या, बाकीचं मी बघतो. तो नुसता "हो" म्हणाला. मग गाडीच्या खिडकीशी जाऊन वाकला आणि आईला म्हणाला, "आज्जी, खाली उतरा. सावलीत बसा. पाणी घ्या."

"नाव काय बाबा तुझं?" आईनं विचारलं.

"इनास."

"इनास, माझी आक्का जायला लागलीया. तेवढं पोचीव."

त्यानं साखळी काढली. तो उपाशी होता हे त्याच्या बायकोनं आईला सांगितलं. गुड फ्रायडेचा उपास आणि दुपारी तीनला चर्चमध्ये प्रार्थना. मिरवणुकीत ख्रिस्ताच्या मूर्तीला खांदा द्यायचा मान यंदा त्याचा होता. घरची जीप सकाळीच चर्चच्या कामासाठी गेली होती, नाहीतर त्यानं आम्हाला तिच्यातूनच नेलं असतं, असंही ती म्हणाली.

मी बाटलीतलं गार पाणी घेऊन चाकाकडे निघालो होतो. त्यानं माझा हात धरला. "पाणी मारू नका. डिस्क वाकंल. आपोआप गार होऊ द्या." मला ते माहीत होतं. मी ते दरवर्षी शिकवत होतो. पण त्या क्षणी मी बाटलीचं झाकण उघडलेलं होतं, हेही तितकंच खरं.

वीस मिनिटं आम्ही नुसते बसलो. तेवढी लांब वीस मिनिटं मी आयुष्यात काढलेली नाहीत. आई पायरीवर बसून पदराच्या टोकाला गाठ मारत होती आणि सोडत होती.

मग जॅक लावला, चाक काढलं. हँडब्रेकची तार कॅलिपरपासून सोडवली, तरी डिस्क फिरेना, म्हणजे तारेचा दोष नव्हता. कॅलिपर हा ब्रेकचा चिमटा. तो दोन पिनांवर मागेपुढे सरकतो, तेव्हा ब्रेक लागतो आणि सुटतो. वरची पिन बरी निघाली. खालची मात्र गंजून आत जाम झाली होती. ती सुटली की काम झालं, हे दोघांनाही दिसत होतं. मी हात पुढे केला आणि हातोडा मागितला.

इनास जागचा हलला नाही.

"आज हातोडा नाही सर," तो म्हणाला. "आजच्या दिवशी आमच्या घरात लोखंडावर लोखंड मारत नाहीत. आजच्या दिवशी त्याच्या हातापायांत खिळे ठोकले."

मी म्हणालो, तुम्ही मारू नका, मी मारतो. दोन घावांचं काम आहे.

"माझ्या दारात नको सर. रागवू नका."

मी रागावलो. चांगलाच रागावलो. एक माणूस तिकडे प्राण सोडतोय आणि इथे हे काय चाललंय, असं मी बरंच काही बोललो. त्यातलं सगळं इथे लिहायची मला आज लाज वाटते. इनास खाली मान घालून ऐकत राहिला. पायरीवरून आई म्हणाली, "श्रीपती, गप बस."

"आई, तुलाच उशीर होतोय."

"मला कळतंय कुणाला उशीर होतोय ते. आपल्या दारात अमुशेला कवा बैल जुंपला का कुणी? तुझ्या बाऽच्या मळ्यात पाणी तुंबलं तरी न्हाई जुंपला. त्येचा दिस हाय. त्येला त्येच्या रीतीनं करू दे."

ज्या बाईची बहीण जात होती ती हे म्हणत होती. मी पाना खाली ठेवला आणि बाजूला झालो.

इनासनं बायकोला चुलीवर पाणी ठेवायला सांगितलं. पिनेच्या तोंडाशी तेल सोडलं, वर पाना अडकवला आणि ती पिळायला लागला. जोर लावून नव्हे. केसभर उजवीकडे, केसभर डावीकडे. पुन्हा तेल. पुन्हा केसभर. पाणी उकळलं तसं ते तांब्यानं पिनेच्या घरावर धार धरून ओतायचं, लोखंड जरा पसरलं की पुन्हा पिळायचं. ज्या कामाला मी दोन घाव म्हणत होतो त्याला त्यानं पस्तीस मिनिटं घेतली. घामानं त्याचा चर्चला जायचा सदरा पाठीला चिकटला होता आणि त्यावर तेलाचे डाग पडले होते. शेवटी पिनेनं कुरर्र असा आवाज केला आणि ती बाहेर आली. आई पायरीवरून म्हणाली, "निघाली व्हय?" तो हसला. सकाळपासून पहिल्यांदाच.

पिन पॉलिश पेपरनं घासायला, रबराला चालणारं ग्रीस शोधायला तो आत गेला. मी म्हटलं, तोवर आपण पिस्टन आत घालून ठेवू. एवढं तरी मला करू दे. ब्रेकच्या पट्ट्या, म्हणजे पॅड, डिस्कवर दाबतो तो हा पिस्टन; आवळून बसलेला तो मागे गेल्याशिवाय पॅड आणि कॅलिपर परत बसणार नव्हते. मी त्याच्या फळीवरचा क्लॅम्प घेतला, पिस्टनवर टेकवला आणि आवळायला लागलो. पिस्टन हलेना. मी आणखी आवळला. क्लॅम्पचा दांडा वाकायची वेळ आली तरी तो ढिम्म. मी दात-ओठ खात दोन्ही हातांनी जोर लावला. हाही गंजलाय, आता सगळं संपलं, असं मला वाटलं. घड्याळात साडेबारा झाले होते.

मागून त्याचा हात माझ्या हातावर आला.

"दाबू नका सर," तो अगदी हळू म्हणाला, आईला ऐकू जाणार नाही इतकं हळू. "मागचा आहे. मागचा पिळायचा असतो."

मी क्लॅम्प धरून तसाच उकिडवा बसून राहिलो. कारण हे वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं. याच आवाजात.

दहा वर्षं झाली असतील. तोंडी परीक्षा होती. टेबलापलीकडे एक काटकुळा मुलगा उभा होता. मी विचारलं होतं, डिस्क ब्रेकचा पिस्टन आत कसा घालशील? पुस्तकातलं उत्तर एका ओळीचं होतं, क्लॅम्प लावून सरळ दाबून. तो म्हणाला, पुढचा असला तर दाबायचा सर, मागचा असला तर पिळायचा. मी म्हणालो, "पिळायला ते काय धुणं आहे?" आणि बसलेली सगळी पोरं हसली, कारण चौगुले सरांनी विनोद केला की हसायचंच असतं. तो काहीतरी सांगायला लागला, म्हापशाला मामाचं गॅरेज आहे, सुट्टीत तिथे बाहेरदेशच्या गाड्या बघितल्यात, त्यांचा हँडब्रेक मागच्या पिस्टनमध्येच असतो आणि त्याला स्क्रूसारखे आटे असतात. मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हापशाचं म्हापशात ठेव, म्हणालो. आणि नापास केलं. त्याच एका विषयात. पुन्हा परीक्षेला तो आला नाही. कुणी चौकशी केली नाही, मीही केली नाही.

हजेरीत मी त्याला कधी इनास म्हणून हाक मारलीच नव्हती.

"बारदेस्कर," मी म्हणालो.

"हो सर."

"तू मला केव्हा ओळखलंस?"

"गाडी दारात आली तेव्हाच."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बारदेस्कर, तेव्हा मी... एवढंच आलं. त्यानं मान हलवली. "आत्ता नको सर. आधी आज्जी पोचू देत."

त्याच्याकडे या कामाचं खास अवजार नव्हतं. ग्राइंडरची चकती सोडवायचा दोन खुंट्यांचा पाना असतो, तो त्यानं आणला. पिस्टनच्या तोंडावर दोन खाचा होत्या, त्यात खुंट्या बरोब्बर बसल्या. तो पाना त्यानं स्वतः धरला नाही, माझ्या हातात दिला. "हलक्या हातानं दाबत उजवीकडे फिरवा." मी फिरवलं. मघाशी दोन्ही हातांना दाद न देणारा पिस्टन दोन बोटांच्या जोरावर आत जायला लागला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. माझे डोळे भरून आले होते आणि ते मला दाखवायचे नव्हते.

पुढचं काम त्यानं मला सांगून करून घेतलं. पॅडच्या कडा घासा, आता पिन घाला, आधी खालची. ब्रेक ऑइल तापून त्यात हवा धरली असेल म्हणून तीही काढायची होती. मी सीटवर बसलो आणि तो चाकाशी. "पेडल मारा. धरा. सोडा. पुन्हा मारा." मी मारत होतो, धरत होतो, सोडत होतो. वीस वर्षं पोरांना दिलेल्या आज्ञा मी पहिल्यांदा पाळत होतो, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटत होतं. शेवटी त्यानं चाक हातानं फिरवलं. ते गरगर फिरलं आणि फिरतच राहिलं.

तेव्हा सव्वा वाजला होता. त्यानं पुढे बसून एक चक्कर मारून आणली, परत चाकाला पालथा हात लावून पाहिला आणि म्हणाला, "घाटात दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका." आईनं त्याच्या तेलकट हातावर आपला हात ठेवला आणि ती गाडीत बसली. तो सदरा बदलायला घरात धावला. त्याला तीनच्या आत चर्चमध्ये पोचायचं होतं.

अडीचला काही मिनिटं असताना आम्ही सावंतवाडीत पोचलो.

मावशीला दोन दिवस धड शुद्ध नव्हती, असं विलास म्हणत होता. आई तिच्या उशाशी जाऊन बसली आणि "आक्का" म्हणाली. मावशीनं डोळे उघडले. बराच वेळ पाहिलं. मग तिनं विचारलं, "हिरे, जेवलीस?"

"न्हाई आक्का. वाटेत खोळंबा झाला."

"हिला वाढा गं," मावशी म्हणाली. आवाज इतका बारीक होता की सुनेनं दोनदा विचारलं. पण तिनं पान वाढून आणेपर्यंत मावशी दाराकडे डोळे लावून होती. आईनं पलंगाशेजारी खाली बसून आमटी-भात खाल्ला. मावशी कुशीवर वळून तिचा घास न् घास बघत होती. मध्येच म्हणाली, "सावकाश." सत्तरी ओलांडलेली माझी आई मान खाली घालून, बहिणीचं ऐकून, सावकाश जेवली. त्यानंतर चार तास त्या दोघी हातात हात घालून काहीबाही बोलत होत्या. दिवेलागणीला मावशी गेली.

आई बाराव्यापर्यंत तिथेच राहिली. मी तीनच दिवसांनी एकटा परत निघालो. त्या वळणावर गाडी हळू केली, शेडमध्ये कुणीतरी वाकून काम करताना दिसलं आणि मी न थांबता पुढे गेलो. धीर झाला नाही.

बाराव्यानंतर आईला घेऊन येताना मात्र तिनंच थांबायला लावलं. इनास घरी होता. आई ओट्यावर बसली आणि तिनं त्याला सगळं सांगितलं, आक्कानं डोळे कसे उघडले, काय विचारलं, काय वाढलं होतं, कोणत्या गोष्टी निघाल्या. घरच्या माणसाला सांगावं तसं. तो हातातला पाना खाली न ठेवता ऐकत उभा होता. "चार तास मिळालं रं बाबा," ती म्हणाली. "तू दिलंस."

"आज्जी, मी काय. सरही होते की," तो म्हणाला.

त्यावर मला राहवलं नाही. मी म्हणालो, आई, याला मी नापास केलं होतं. आणि सगळं सांगितलं. काय विचारलं, तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, पोरं कशी हसली. काही गाळलं नाही. आई ऐकत राहिली. मग तिनं इनासला विचारलं, "खरं व्हय?"

"झालं ते बरंच झालं आज्जी," तो हसून म्हणाला. "नापास झालो म्हणून म्हापशाला गेलो, तिथं हात बसला. वाईट एवढंच वाटलं की सरांनी ऐकून घेतलं नाही. त्या दिवशी घेतलं. फिटलं."

माझी मान वर होईना. मी पुढे झालो आणि वाकलो. तो दचकून दोन पावलं मागे सरला. "सर, काय हे! तुम्ही मोठे, माझे मास्तर."

"वाकू दे त्येला, इनास," आई म्हणाली. "त्या दिवशी तू शिकवलंस आन् ह्यो शिकला. मग मास्तर कोण?"

तो अवघडून तिथेच उभा राहिला. मी त्याच्या पायांना हात लावून नमस्कार केला.